डोक्यामागचा माणूस

बेंच प्रेस हा प्रकार मला कधीच आवडला नाही. बाकावर उताणं पडायचं, लोखंडी वजनं लावलेला बार छातीवर उतरवायचा आणि परत वर ढकलायचा, आणि हे एकदा नाही, दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी. बाकीच्या व्यायामांत माणूस निदान उभा तरी असतो. इथे आधी आडवं व्हायचं आणि मग जीव वाचवत बसायचं. पण सर्बियातल्या आमच्या लेस्कोवात्समध्ये तुमची तब्येत कुणी विचारत नाही, "बेंचला किती मारतोस?" एवढंच विचारतात. सासऱ्यांनीही पहिल्या भेटीत तेच विचारलं होतं. मी नव्वद किलो सांगितलं आणि त्यांनी मुलगी दिली. तेव्हा माझे सत्तरसुद्धा धड होत नव्हते.

मी मोमिर. वय सत्तेचाळीस, धंदा न्हाव्याचा. भाजीबाजाराच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं दुकान आहे. न्हाव्याला छाती नसली तरी चालते, खांदा मात्र लागतो, कारण दिवसाचे आठ तास हात वर धरून काम करायचं असतं. फेब्रुवारीत माझा उजवा खांदा गेला. बार खाली आणताना आत कुणी सुई फिरवतंय असं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री नेली की हात थरथरायचा. एका शाळामास्तरांचे कल्ले मी एक वर आणि एक खाली कापले. भला माणूस, काही बोलला नाही, पण आठवडाभर वर्गात टोपी घालून शिकवत होता.

शेवटी हॉस्पिटलात गेलो. तिथली फिजिओथेरपिस्ट क्सेनिया माझ्या मुलीहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. तिने हात धरला, मागे वळवला, आणि मी ओरडलो तशी मान डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं.

"बेंच प्रेस बंद करायचा," ती म्हणाली.

"ते जमणार नाही."

"का? ऑलिंपिकला चाललात?"

"नाही."

"कुठल्या स्पर्धेत उतरताय?"

"नाही हो."

"मग कुणासाठी मारताय बेंच? हे बघा काका, छातीला काय माहीत तिच्यावर बार आहे की डंबेल? दोन डंबेल घ्या, तळवे एकमेकांकडे ठेवा, खांदा आपली वाट आपण शोधतो. जोर मारा, हात उंचावर टेकवून. रबरी पट्टा भिंतीला बांधून ओढा. सहा महिन्यांत खांदा बरा होईल आणि छातीही राहील. नाहीतर पुढच्या वर्षी कात्री खाली ठेवावी लागेल. बेंच ठेवायचा की दुकान ठेवायचं, तुम्हीच ठरवा."

कुणाच्याही कानाला हा सरळ प्रश्न वाटेल. नावडता व्यायाम सोडायचा आणि बरे व्यायाम धरायचे. यात ठरवायचं ते काय? पण क्सेनियाला ग्रादिमिर ठाऊक नव्हता.

ग्रादिमिर, आम्ही त्याला ग्रादा म्हणतो, माझा कुम आहे. लग्नात चर्चमध्ये जो तुमच्या शेजारी मेणबत्ती धरून उभा राहतो आणि पुढे तुमच्या लेकराला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढून नाव देतो, तो कुम. भाऊ भांडला तर चालतो, कुमला मात्र 'नाही' म्हणत नाहीत. म्हणजे म्हणता येतं, पण कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आमच्या पोरीचं नाव बायकोने सोफिया ठरवलं होतं. ग्रादाने तिला हातात घेतलं, पाद्रीबुवांनी नाव विचारलं, आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, "पेर्सिदा!" त्याच्या आजीचं नाव. बिसेर्का, म्हणजे माझी बायको, जागच्या जागी रडली. लोकांना वाटलं आनंदाने रडतेय. पोरगी आज व्हिएन्नात असते आणि तिथे स्वतःचं नाव सोफिया सांगते.

तर लग्नानंतरच्या आठवड्यात हाच ग्रादा मला म्हणाला होता, "कुम, मंगळवारी ये. आपण बेंच मारू." त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

जिम म्हणजे जुन्या सूतगिरणीचं तळघर. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, तळघर तेवढं उरलं. ग्रादा तिथला यंत्रमेस्त्री होता आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली. बारसुद्धा त्यानेच गिरणीच्या लेथवर कातलेला, वीस किलोऐवजी साडेबावीसचा. तो मला तेरा वर्षांनी मोठा, पण कुमला कुणी अहो-जाहो करत नाही. बेंचची पद्धत अशी, की एकजण उताणा पडतो आणि दुसरा त्याच्या डोक्यामागे उभा राहतो. बार अडकला तर मागच्याने उचलायचा. तो पडला की मी मागे, मी पडलो की तो मागे. त्याच्याबरोबर दुसरं कुणी उभं राहिलेलं मला आठवत नाही.

मी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मार्चमध्ये एकदा म्हणालो, "कुम, खांदा जरा दुखतोय."

"खांदा सगळ्यांनाच असतो," ग्रादा म्हणाला. त्याने पिशवीतून द्राक्षाच्या दारूची बाटली काढली, अर्धं झाकण माझ्या खांद्याला चोळलं आणि अर्धं स्वतः प्यायला. "झालं. चल, झोप."

एप्रिलमध्ये मी क्सेनियाचा कागदच घेऊन गेलो. ग्रादाने चष्मा लावून तो वाचला. "जोर, तेसुद्धा उंचावर हात टेकवून. रबराचा पट्टा. हे बाळंतिणीचे व्यायाम आहेत का?"

"डंबेलनेही छाती होते म्हणे."

"कुम, डंबेल म्हणजे बेंचची चुलत बहीण. दिसायला कितीही चांगली असली तरी चुलत बहिणीशी लग्न लावत नाहीत." असं म्हणून त्याने कागदाची नीट घडी केली आणि माझ्या खिशात कोंबली. जिममधले सगळे हसले. मीही हसलो, हे जास्त वाईट. आणि हसून झाल्यावर बाकावर पडलो.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. मंगळवार आला की सकाळपासून घड्याळाकडे बघायचो. गिऱ्हाइकांवर चिडायचो, बिसेर्कावर खेकसायचो. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, गावात चार लोक नमस्कार करतात, आणि एका बाकाची भीती बाळगून जगतो! स्वतःची लाज वाटायची. त्या गिरणीच्या पायऱ्या उतरताना दर वेळी वाटायचं की आज सांगतो, आणि खालून आवाज यायचा, "आलास का कुम? बार वाट बघतोय." आणि मी सदरा काढायला लागायचो.

मग मी चोरीचा मार्ग धरला. दुकानाच्या मागच्या खोलीत, टॉवेलांच्या कपाटामागे, दोन डंबेल आणून ठेवले. सकाळी सहाला दुकानात जायचो आणि शटर अर्धं खाली ओढून क्सेनियाच्या कागदाप्रमाणे व्यायाम करायचो. आणि काय सांगू, मजा यायची! आयुष्यात पहिल्यांदा छाती दुखली ती गोड दुखली. खुर्चीवर हात टेकवून जोर मारताना मी शीळ घालत असे. बिसेर्काला संशय आला. एके दिवशी ती मागच्या दाराने आत आली, मला रबरी पट्टा ओढताना बघितलं आणि खाली बसली.

"बाई असती तरी परवडलं असतं," ती म्हणाली. "निदान कुणाला सांगता आलं असतं. नवरा पहाटे उठून चोरून रबर ओढतो, हे मी बहिणीला कसं सांगू?"

"ग्रादाला कळता कामा नये."

"कुमला घाबरतोस?"

"घाबरत नाही. मान ठेवतो."

"त्यात काय फरक आहे तो मला एकदा नीट समजाव," ती म्हणाली आणि निघून गेली.

जिममध्ये मी नाटक करायला शिकलो. बार अर्ध्यावरच आणायचा, तोंड वाकडं करायचं, ओरडायचं, आणि "आज जरा कमीच ठेवू या" म्हणायचं.  ग्रादाचं सगळं लक्ष स्वतःच्या आकड्यावर होतं. सप्टेंबरात त्याला साठ पूर्ण होणार होते आणि त्याला वयाच्या दुप्पट वजन मारायचं होतं. एकशे वीस. हे त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. माझ्या खुर्चीत बसून, अंगाभोवती फडकं गुंडाळलेलं असताना, तो इतर गिऱ्हाइकांना सांगायचा, "साठीला लोकांना काठी लागते. मी एकशे वीस मारणार. आणि मागे कोण, तर हा, माझा कुम." आणि मी त्याच्या मानेवर वस्तरा फिरवत "हो, हो" म्हणायचो.

इथे माझी चूक झाली आणि ती मी आजही कुणावर ढकलत नाही. सात महिने मी फक्त माझ्या पडण्याचा विचार केला. माझा बार, माझा खांदा, माझी सुटका. उभं राहण्याचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. कुमच्या डोक्यामागे उभं राहणं मला व्यायाम वाटतच नव्हता. ते आपलं नेहमीचं काम, केस कापून झाले की मानेवरचे झटकतो तसं. आणि त्या सात महिन्यांत त्याचा बार एकदाही अडकला नाही.

तो शुक्रवार मिरच्यांच्या दिवसांतला. सप्टेंबरात आमचं अख्खं गाव मोठ्या लाल मिरच्या भाजून वर्षभराचं आयवर, म्हणजे मिरचीची दाट चटणी, शिजवतं. गिरणीच्या आवारात बायकांनी चुली मांडल्या होत्या, रेडिओ लावला होता, आणि रांजेल हमालासकट जिममधले बाकीचे पुरुष पोती उचलायला आणि साली काढायला वर गेले होते. तळघरात धूर उतरला होता आणि आम्ही दोघंच होतो. रविवारी ग्रादाचा वाढदिवस होता.

"आजच मारून टाकू," तो म्हणाला. "रविवारी पाहुणे येतील, पोट भरलेलं असेल."

"थांब की. रांजेल येऊ दे, पोरं येऊ देत. बघायला कुणी नको का?"

"तू आहेस ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. 'कुम, माझ्यात जोर नाही,' एवढे चार शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, "चाप लावू की नको?"

"लाव. प्लेटा फरशीवर पडल्या तर वरच्या बायका आरडाओरडा करतील."

मी दोन्ही टोकांना चाप घट्ट बसवले आणि त्याच्या डोक्यामागे जाऊन उभा राहिलो. त्याने श्वास घेतला आणि बार उचलला. खाली सुरेख आला. छातीला टेकला, वर निघाला, आणि अर्ध्यावर थांबला. ग्रादाचे हात थरथरले, मान लाल झाली. बार तिथेच लटकला आणि मग हळूहळू खाली यायला लागला.

"घे," तो म्हणाला.

मी दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. उजव्या खांद्यात काहीतरी सटकलं आणि हात माझा राहिलाच नाही. डावा वर गेला, उजवा गेला नाही. बार तिरका झाला आणि खालची बाजू त्याच्या छातीवरून गळ्याकडे सरकली.

"घे ना!"

"घेतोय!" मी ओरडलो. पण घेत नव्हतो, कारण घ्यायला माझ्याकडे हात नव्हता. मी मदतीला हाका मारल्या. वर रेडिओ आणि बायकांचं हसणं चालू होतं. ग्रादा आता बोलत नव्हता. त्याचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडेच बघत होते, खालून वर. त्या डोळ्यांत भीतीच्या आधी आश्चर्य होतं, ते मला विसरता येत नाही.

चाप! मी बार तसाच सोडला, खाली झुकलेल्या टोकाकडे धावलो आणि डाव्या हाताने चाप खेचून काढला. प्लेटा एकापाठोपाठ एक फरशीवर कोसळल्या. हलकं झालेलं टोक उसळलं, दुसरं टोक धाडकन खाली गेलं आणि बार बाकावरून उलटा होऊन भिंतीला आदळला. ग्रादा कुशीवर वळून जमिनीवर पडला. वरचा रेडिओ मात्र चालूच होता.

बऱ्याच वेळाने तो उठून बसला. बरगडी धरून श्वास घेत होता, गळ्यावर लाल वळ उठला होता. मी पाणी दिलं, त्याने घेतलं नाही. माझा उजवा हात बाजूला लोंबत होता, तो त्याने पाहिला.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

तो बोटांवर मोजायला लागला. मेस्त्री माणूस, मोजल्याशिवाय बोलत नाही. "सात महिने," तो म्हणाला. "सात महिने माझ्या डोक्यामागे कोण उभं होतं?"

"मी."

"नाही," तो म्हणाला. मग भिंत धरून उठला आणि एकटाच पायऱ्या चढून गेला.

एक बरगडी तडकली होती. साठावा वाढदिवस त्याने अंथरुणात काढला आणि आलेल्या पाहुण्यांना घसरून पडलो असं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला रात्री झोप लागेना आणि दिवसा दुकानात मन लागेना. उजवा हात गळ्यात अडकवला होता, दुकान बिसेर्काच्या भावाने सांभाळलं. दहाव्या दिवशी बिसेर्काने पोळा, म्हणजे आमचा जाड गोल पाव, भाजला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या डाव्या हातात दिला. "जा," ती म्हणाली. "आणि आज तरी जिभेला चाप लावू नकोस."

दार देसांकाने उघडलं. ग्रादाची बायको, म्हणजे माझी कुमा. तिने चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा पेला आणला, पाहुण्याला आणतात तसा, आणि स्वयंपाकघरात गेली. एरवी ती मला पाहुण्यासारखं वागवत नाही, सरळ भांडी पुसायला लावते. 

ग्रादा खिडकीपाशी उशा लावून बसला होता.

"बस," तो म्हणाला. मी बसलो.

"कुम, चुकलो. मला बेंच आवडत नाही. कधीच आवडला नाही. खांदा गेल्यावर सोडायचा होता, पण तुला नाही कसं म्हणू, म्हणून दुकानात चोरून डंबेल..."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"एकोणीस वर्षं?"

"हो."

तो जरा हसला आणि बरगडी दुखली तसा थांबला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुझं तोंड मला दिसत होतं. बेंचवर पडताना तुझं तोंड दात काढायला आलेल्या माणसासारखं व्हायचं. मला वाटलं, आवडत नाही तरी येतोय, कुमसाठी येतोय. मला त्याचं कौतुक वाटायचं."

मी मांडीवरच्या पोळ्याचं फडकं नीट करत बसलो.

"तू म्हणाला असतास, 'कुम, मी बेंच सोडतो,' तर काय झालं असतं?"

"तू चिडला असतास."

"चिडलो असतोच. चार शिव्या घातल्या असत्या. महिनाभर तुझ्या दुकानात आलो नसतो, केस वाढवून हिंडलो असतो. पुढे?"

"पुढे काय?"

"पुढे माझ्यामागे रांजेल उभा असता. त्याला दोन हात आहेत."

 खाली रस्त्यावर कुणीतरी मिरच्यांचं पोतं ओढत नेत होतं, त्याचा आवाज आम्ही दोघं ऐकत बसलो.

"मी ह्या दहा दिवसांत खूप विचार केला," ग्रादा म्हणाला. "बायकोला सोडता येतं, त्याला कोर्ट आहे. भावाला वाटणी देऊन मोकळं होता येतं. कुमला सोडायची सोय कुणी करून ठेवलेली नाही. असती ना, तर मोमिर, मी तुला सोडलं असतं." तो मला कधी नावाने हाक मारत नसे. "पण नाही. तेव्हा पोळा दे इकडे. मंगळवारी जिमला ये आणि तुझे ते डंबेल घेऊन ये. चोरून कशाला करतोस?"

माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. आम्ही दोघांनी पोळा तोडला, मिठाला लावला आणि खाल्ला.

आता नोव्हेंबर सरत आला आहे. मी डंबेल घेऊन जिमच्या कोपऱ्यात असतो. हलक्या वजनाने सुरुवात केली, मग जोर, मग भिंतीला बांधलेला पट्टा. क्सेनिया खूश आहे, म्हणते खांदा असाच चालला तर पुढची वीस वर्षं कात्री सुटणार नाही. छातीही भरतेय, सदऱ्याची बटणं ओढली जातात. मंगळवारी घड्याळाकडे बघत नाही. जे हवं होतं ते सगळं मिळालं आहे. कुणी विचारलं तर मी छातीठोक सांगेन, बेंच आवडत नसेल तर आजच सोडा, दुसरे शंभर व्यायाम आहेत.

ग्रादा गेल्या महिन्यापासून पुन्हा बाकावर पडतोय. अजून साठ-सत्तर किलोच, एकशे विसाचं नाव तो काढत नाही. मागे रांजेल असतो, रेल्वेतला हमाल, बैलासारखा धिप्पाड. कोपऱ्यातून मला सगळं दिसतं. ग्रादा पडतो, हात बारवर ठेवतो, आणि उचलण्याआधी मान मागे टाकून वर बघतो, कोण उभं आहे ते. एकोणीस वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. पडायचा आणि उचलायचा.

"आहे मी, मेस्त्री," रांजेल म्हणतो.

"हो हो," ग्रादा म्हणतो, आणि पुन्हा एकदा बघून घेतो.